दिवाळीनंतर व्हिएन्ना: नोव्हेंबरात जावं की मे महिन्यापर्यंत थांबावं?

मोरपंखी

नमस्कार मंडळी,

यंदा भाऊबीज आटपली की आठवडाभर व्हिएन्नाला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि आई. आई अडुसष्टची आहे, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्या दोघांपेक्षा जास्त. शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

मे-जूनमध्ये नवऱ्याला सुट्टी मिळत नाही आणि तेव्हाचे दर आमच्या खिशाला झेपत नाहीत, म्हणून नोव्हेंबर. पण ऑफिसात विषय निघाला तर "नोव्हेंबरात काय बघणार, धुकं?" असं म्हणून एकीने हवाच काढून घेतली. तिकडे खरंच सगळं बंद असतं का? आईला थंडी सोसेल का? आणि स्वस्त पडतं म्हणतात ते कितपत खरं?

इथले जुने धागे वाचले, पण ते सगळे उन्हाळ्यातले आहेत. त्या दिवसांत जाऊन आलेल्यांनी किंवा तिकडेच राहणाऱ्यांनी लिहा प्लीज.

खारी_बिस्किट

धुकं बघायला आपण महाबळेश्वरला पैसे मोजतोच की. बिनधास्त जा. फोटो मात्र टाका, नाहीतर धागा फाऊल धरण्यात येईल.

निवृत्त_पण_फिरस्ता

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आम्ही उभयता मे महिन्यातही गेलो आहोत आणि नोव्हेंबरातही, त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. मधल्या वेळात तो दिसेलच याची हमी नाही, दिवसेंदिवस राखाडी झाकण लावल्यासारखं आभाळ असतं. वाखाऊ खोऱ्यातली डॅन्यूबची बोट, जिच्यासाठी लोक क्रेम्स-मेल्कला जातात, ती ऑक्टोबर संपता संपता बंद होते. शॉनब्रुन राजवाड्याची कारंजी बंद. फुलांचे ताटवे उपटून माती उघडी. विमानाचं भाडं, ९० युरो व्हिसा फी, विमा, एवढं सगळं करून जायचं आणि उघडी माती बघायची? एक वर्ष थांबा, मे महिन्यात जा. लायलॅक फुललेला असतो, रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. आईंनाही बरं पडेल.

दगडी_पाटी

काकांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. तरीही मी नोव्हेंबरच सांगेन. बरीच वर्षं इथे राहतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक गोष्ट, जी टूर कंपन्या सांगत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये व्हिएन्नाचा ऑपेरा बंद असतो. फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे वादक साल्झबुर्गच्या महोत्सवात असतात. हॉफबुर्ग राजवाड्याच्या चॅपेलमध्ये रविवारच्या प्रार्थनेला गाणारी बॉईज कॉयरची मुलं सुट्टीवर. निम्मं शहर गावाला गेलेलं. म्हणजे ज्या गोष्टींसाठी व्हिएन्नाचं नाव आहे त्या उजेड भरपूर असतो तेव्हा नसतात, आणि अंधार पडायला लागला की सुरू होतात. नोव्हेंबरात हे शहर आत जाऊन बसतं. तुम्हीही आत जाऊन बसायची तयारी ठेवून या. बागा, बोटी आणि टेकड्या डोक्यात असतील तर काकांचं ऐका. संगीत, चित्रं, कॉफी आणि निवांतपणा हवा असेल तर याहून चांगला महिना मला माहीत नाही.

मात्र दिवस उलटा आखायचा. आपण सकाळी म्युझियम आणि संध्याकाळी फेरफटका असं ठरवतो. इथे नोव्हेंबरात नेमकं उलट. सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन-अडीच, हा जो काय उजेड आहे तो फक्त बाहेरच्यासाठी राखून ठेवा: शॉनब्रुनच्या मागची ग्लोरिएटची टेकडी, रिंगवरचा, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या रुंद रस्त्यावरचा फेरफटका, प्राटरचं उद्यान. तीनला कॅफेत शिरायचं. चारला अंधार पडला की म्युझियम. कुन्स्टहिस्टोरिशेस हे मोठं कलासंग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत उघडं असतं, अल्बर्टिना हे दुसरं कलासंग्रहालय बुधवारी आणि शुक्रवारी. सुट्ट्यांचे वार बघून घ्या, कुन्स्टहिस्टोरिशेस एरवी सोमवारी बंद आणि समोरचं नॅचरल हिस्ट्री मंगळवारी. त्यानंतर साडेसात-आठला मैफल किंवा ऑपेरा. असं आखलंत तर सव्वाचारचा सूर्यास्त तुम्हाला आठवणारही नाही.

आता स्वस्ताईचं. "ऑफ सीझन" म्हणून जो काय आहे तो इथे जेमतेम पंधरा दिवसांचा. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस, सरकारी सुट्टी. त्यानंतर साधारण महिन्याच्या मध्यापर्यंत शहर खरोखर रिकामं असतं. मग राटहाउससमोरचा, म्हणजे नगरभवनासमोरचा ख्रिसमस बाजार उघडतो आणि शनिवार-रविवारचे हॉटेलदर उडी मारतात. गंमत अशी की यंदा तुमची दिवाळी नेमकी त्या रिकाम्या पंधरवड्यात आहे. भाऊबीजेनंतर निघालात तर बाजार उघडत असतानाच पोचाल. तेव्हा शनिवार ते शनिवार घेऊ नका. रविवारी या, शुक्रवारी सकाळी निघा. तेवढ्याने मुक्कामाच्या खर्चात चांगला फरक पडतो.

खारी_बिस्किट

दगडी_पाटी, हा प्रतिसाद वेगळा धागा करून टाका राव. वाचनखूण साठवली आहे.

अळूची_वडी

अंडं न खाणाऱ्यांसाठी लिहिते, कारण सासूबाईंना घेऊन गेले होते आणि वेटरशी उभा दावा मांडला होता.

"शाकाहारी" एवढं सांगून भागत नाही. तिथलं बटाट्याचं सॅलड दिसायला एकदम निरागस, पण अस्सल व्हिएन्नी पद्धतीत त्यावर गोमांसाचं गरम सूप ओततात, म्हणूनच ते असं ओलसर चमकतं. भोपळ्याच्या सूपचा हंगाम असतो, तेही कशात शिजवलंय ते विचारूनच घ्या. क्नोडल (उकडलेले गोळे), श्पेत्सलं (शेवयांसारखे तुकडे), कायझरश्मारन (गोड धिरड्याचे तुकडे) या सगळ्यांत अंडं. 'साखर टोर्ट' (Sacher) या प्रसिद्ध चॉकलेट केकमध्ये तर असतंच. आपफेलश्ट्रुडलच्या (सफरचंदाच्या गुंडाळीच्या) पारीत बऱ्याचदा नसतं, पण काही जण घालतात, तिथेही तोंड उघडायचं.

आम्ही तरलो ते रस्त्यावरच्या चेस्टनटवाल्यांवर. कोपऱ्याकोपऱ्यावर काळी लोखंडी शेगडी असते, चेस्टनट भाजत असतात, चिरलेल्या सालीतून पिवळा गर दिसतो. त्याच शेगडीवर बटाट्याचे जाड काप भाजून, मीठ मारून कागदी पुडीत देतात. सासूबाई रोज चार वाजता ती पुडी मागायच्या. एरवी नाशमार्क्ट या बाजारात फलाफल-हुमुस, तिथेच आसपास भारतीय किराणाही मिळतो. स्वयंपाकघर असलेला छोटा फ्लॅट घ्या, रात्रीची मुगाची खिचडी करता येते.

फराळ नेताय ना? चिवडा, चकली, शंकरपाळे खुशाल न्या. तूप, पेढे, खवा, पनीर नको, युरोपियन युनियनमध्ये दुधाचे पदार्थ असे सामानातून नेऊ देत नाहीत. ताज्या कढीपत्त्याची जुडीही नको.

मोरपंखी

बाप रे, बटाट्याच्या सॅलडचं ऐकून आईने कपाळाला हात लावला. धन्यवाद, अळूची_वडी.

दगडी_पाटी, खूप आभार. दिवस उलटा आखायची कल्पना नवऱ्याला फारच आवडली, कारण त्यात तीन वाजता कॅफेत बसायचं आहे. पण ऑपेरात आईला उभं राहणं जमणार नाही. उभ्याची तिकिटंच स्वस्त असतात ना?

दगडी_पाटी

हो, उभ्याची साधारण वीस युरोंच्या आत. आईंना नकोच. बाजूच्या बॉक्समधल्या मागच्या खुर्च्या किंवा अगदी वरच्या गॅलरीच्या कडेच्या जागा बघा. रंगमंच अर्धाच दिसतो पण ऐकू पूर्ण येतं आणि दर पुष्कळ कमी. तुम्ही दोघं उभ्याच्या जागेत गेलात तर गळ्यातला मफलर कठड्याला बांधून जागा धरायची, इथली जुनी रीत आहे, त्या मफलरला कोणी हात लावत नाही. भाषेची काळजी नको, प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजी भाषांतर येतं. कोट मात्र खाली जमा करावाच लागतो.

इमारतीबद्दल एक सांगतो. मार्च १९४५ मध्ये बॉम्ब पडून प्रेक्षागृह आणि रंगमंच जळून गेले, दर्शनी भाग तेवढा वाचला. पुन्हा उघडली ती ५ नोव्हेंबर १९५५ ला, बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ'ने. त्याच वर्षी दोस्तांच्या फौजा ऑस्ट्रियातून बाहेर पडल्या होत्या. म्हणजे इथल्या लोकांच्या लेखी नोव्हेंबर काही मेलेला महिना नाही.

निवृत्त_पण_फिरस्ता

ऑपेराचं मान्य. पण मंडळी, म्युझियम मे महिन्यातही उघडं असतं! त्यासाठी थंडीत कुडकुडायची गरज काय?

आडवी_रेघ

काका, उघडं असतं पण दिसत नाही. मी चित्रकला शिकवते, म्हणून हे हिरिरीने सांगते.

कुन्स्टहिस्टोरिशेसमध्ये पीटर ब्रॉयगेलची चित्रं जगात कुठे नाहीत इतकी एका दालनात आहेत. १५६५ साली त्याने अँटवर्पच्या एका व्यापाऱ्यासाठी ऋतूंची मालिका रंगवली. त्यातली पाच चित्रं उरली आणि त्यांतली तीन इथे आहेत. गर्दीच्या दिवसांत 'बर्फातले शिकारी'समोर मोबाईल वर धरलेल्या हातांचं जंगल असतं. नोव्हेंबरात एका मंगळवारी मी त्या दालनातल्या बाकावर तासभर बसले होते, शाळेचा एक वर्ग आला आणि गेला, बाकी कोणी नाही.

सगळे शिकाऱ्यांकडे धावतात. तुम्ही त्याच मालिकेतलं 'गुरांचं परतणं' बघा, ते याच दिवसांचं आहे. डोंगरावरच्या कुरणांतून गुरं खाली गावाकडे हाकत आणलीत, आपल्याला त्यांच्या पाठी दिसतात. झाडांची पानं गळून गेलीत. उजवीकडून काळंनिळं आभाळ चढत येतंय आणि दरीत नदी फिकट पडलीय. नदीकाठच्या शेताच्या कडेला नीट बघा, तिथे फाशीचा खांब आहे, पटकन लक्षात येत नाही. जनावरांच्या पाठीवरचे तपकिरी, पिवळट, पांढरे पट्टे ब्रशच्या मोजक्या फटकाऱ्यांत काढलेत, जवळून पाहिलं तर खालचा रंग दिसतो इतका पातळ थर. हे चित्र बघून बाहेर पडलात की समोर तोच रंग असतो. मे महिन्यात ही सोय नाही.

खारी_बिस्किट

काका, बाजी पलटतेय.

निवृत्त_पण_फिरस्ता

पलटू दे. गुडघ्यांना थंडीचं सांगा कोणी.

दगडी_पाटी

थंडीचं थोडक्यात. दिवसा सात-आठ अंश, रात्री दोन-तीन. बर्फ पडलाच तर शहरात टिकत नाही. त्रास तापमानाचा नसून वाऱ्याचा आणि ओलीचा. आतून जाड थर्मल चढवू नका, सगळीकडे हीटिंग असतं, म्युझियममध्ये घामाच्या धारा लागतील. पातळ दोन-तीन थर आणि वर वारा अडवणारं जाकीट. पैसे खर्च करायचे तर बुटांवर करा: पाणी न शिरणारे, तळ खरबरीत. दगडी फरशीवर ओली पानं साचतात आणि लोक त्यावरूनच घसरतात. आईंना रबरी टोकाची काठी असू दे, लाजू नये. भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्थानकांवर लिफ्ट आहे, बऱ्याच ट्रामचा जमिनीलगतचा तळ चढायला सोपा. आठवड्याचा पास काढा आणि दोन थांब्यांसाठीही ट्रामच घ्या. विमानतळावरून एस-७ लोकल घ्या. खास एक्स्प्रेस दहाएक मिनिटं वाचवते आणि पैसे कितीतरी जास्त घेते.

आणि हो, रविवारी दुकानं बंद, वाण्याचीसुद्धा. तुम्ही रविवारी उतरणार म्हणून सांगतो. मुख्य रेल्वे स्थानकातलं किंवा वीन मिटे स्थानकातलं सुपरमार्केट उघडं असतं. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी आल्प्समधल्या झऱ्यांचं आहे, पहिला जलमार्ग १८७३ पासून चालू आहे.

मोरपंखी

वहीत उतरवून घेतेय सगळं. एक जरा विचित्र प्रश्न: एका यादीत "सेंट्रल सिमेटरी जरूर बघा" असं लिहिलंय. दिवाळी होते न होते तोच आईला स्मशान दाखवायला नेऊ का? मला विचारायचीच लाज वाटतेय.

अळूची_वडी

आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं, एवढं पैसे भरून आलोय, बघू तरी यांची व्यवस्था." आणि परत निघायला तयार नव्हत्या.

दगडी_पाटी

अवश्य न्या. त्सेन्ट्रालफ्रीडहोफ म्हणजे अडीच चौरस किलोमीटरचं झाडांचं राज्य आहे. १८७४ मध्ये उघडलं तेव्हा गावापासून इतकं लांब होतं की कोणी यायला तयार होईना. मग महापालिकेने शक्कल लढवली: मोठ्या लोकांच्या कबरी इथे आणायच्या. बेथोव्हेन आणि शुबर्ट दुसऱ्या दफनभूमीत साठ वर्षं होते, त्यांना १८८८ मध्ये उचलून इथे आणलं. आता दोन नंबरच्या फाटकातून सरळ गेलं की डावीकडे ३२-अ विभागात बेथोव्हेन, शुबर्ट, ब्राम्स, योहान स्ट्राउस असे सगळे शेजारीशेजारी. मोझार्टचं मात्र तिथे फक्त स्मारक आहे, त्याला पुरलं सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत. आईंच्या गुडघ्यांसाठी सांगतो, आत बस फिरते.

शहरातून ७१ नंबरची ट्राम जाते. कोणी गेलं की व्हिएन्नाकर म्हणतात, "त्याने ७१ पकडली." पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्लूची साथ आली तेव्हा खरोखरच ट्राममधून शवं नेली होती.

१ तारखेला असतात तर ७१ मध्ये पाय ठेवायला जागा मिळाली नसती. माणसं शेवंतीच्या कुंड्या मांडीवर घेऊन बसलेली असतात. फाटकाबाहेर लाल काचेचे दिवे विकतात, वर पत्र्याचं भोकं पाडलेलं झाकण, म्हणजे पावसात विझत नाहीत. तुम्ही जाल तेव्हाही त्यांतले पुष्कळ कबरींवर असतील. सर्वपित्रीला आपल्याकडे जे घरात होतं ते इथे बाहेर होतं, एवढंच. जुन्या ज्यू विभागात हरणंसुद्धा दिसतात. तिकडच्या कबरी वेलींनी झाकलेल्या आहेत, १९३८ मध्ये नाझी आल्यानंतर त्या घरांतलं देखभाल करायला फारसं कोणी उरलंच नाही.

आडवी_रेघ

थोडं अवांतर. जुन्या मुंबई-पुण्याची आवड असेल तर व्हिएन्ना विद्यापीठाच्या कमानींच्या चौकात डोकावून या, आत जायला पैसे पडत नाहीत. भोवती प्राध्यापकांचे अर्धपुतळे आहेत, पाऊस आला तर आडोशाला उत्तम. या विद्यापीठात १८८० पासून संस्कृत शिकवायला होते गेऑर्ग ब्यूलर. त्याआधी १८६३ पासून ते मुंबईत, एल्फिन्स्टन कॉलेजात होते. बॉम्बे संस्कृत सिरीज सुरू करण्यात संस्कृतचेच पंडित कीलहॉर्न यांच्याबरोबर त्यांचा हात होता. प्रकृतीने साथ दिली नाही म्हणून परत गेले आणि १८९८ मध्ये बोडन सरोवरात नावेतून जाताना बुडाले.

खारी_बिस्किट

अवांतर म्हणून जे येतं तेच नेहमी कामाचं निघतं. आता कॅफे कुठला ते सांगा, बाकी मी घरी बसून वाचतोच आहे.

दगडी_पाटी

कॅफे सेंट्रलसमोर नोव्हेंबरातही रांग असते, ती बाहेरूनच बघा. १८८० पासूनचं श्पेर्ल घ्या: बिलियर्डची टेबलं, झिजलेली कोचं, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं. मेलांज (फेसाळ दुधाची कॉफी) मागवलंत की छोट्या धातूच्या ताटलीत कप येतो, सोबत पाण्याचा पेला आणि त्या पेल्यावर आडवा ठेवलेला चमचा. कप रिकामा झाला म्हणून उठवत नाहीत. एका कॉफीवर दोन तास बसा, बिल तुम्ही मागाल तेव्हाच येईल. वेटर जरा फुरंगटलेला वाटेल, मनावर घेऊ नका, सगळ्यांशीच तसं वागतात. पुणेकरांना तर घरच्यासारखं वाटेल.

निवृत्त_पण_फिरस्ता

शेवटच्या वाक्याचा निषेध नोंदवतो. बाकी, मोरपंखी, जायचंच ठरवलं असेल तर व्हिसाचा अर्ज आत्ताच टाका. सहा महिने आधीपासून घेतात, निर्णयाला नियमाने पंधरा दिवस, पण कागद कमी पडला तर वाढतात. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आईंच्या जुन्या आजारांचं विमा कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी नको. माझं मत मे महिन्याचंच आहे.

मोरपंखी

काका, मत पोचलं. :) तिकिटं आज काढली, रविवारी पोचायचं आणि शुक्रवारी निघायचं. गुरुवारी संध्याकाळी ब्रॉयगेल, मंगळवारी सकाळी ७१. आईने स्मशानाला हरकत घेतली नाही, फक्त बेथोव्हेनला फुलं कुठली न्यायची ते विचारून ठेव म्हणाली.

शेवटचा प्रश्न: ख्रिसमस बाजारात तिला चालेल असं गरम प्यायला काही मिळतं का?

अळूची_वडी

लहान मुलांसाठीचा पंच मागा, "किंडरपुन्श". दारू नसते, फळांचा रस आणि दालचिनी-लवंग. मगसाठी अनामत घेतात, मग परत केला की पैसे परत. सासूबाईंनी परत केला नाही, त्यात आता तुळशीपाशी निरंजनाच्या वाती ठेवतात.

दगडी_पाटी

शेवंती न्या. ७१ च्या थांब्यासमोर, दोन नंबरच्या फाटकापाशी मिळते.